सोडतीच्या प्रोग्रॅममध्ये घड्याळाचे बीज चालत नाही

गृहनिर्माण संस्थेतील पार्किंगची सोडत चिठ्ठ्यांऐवजी लॅपटॉपवर काढावी, असा सल्ला देणारा एक संदेश नागपुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपासून संस्थांच्या सचिवांपर्यंत सगळीकडे फिरत आहे. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत एसरँड(टाइम(नल)) लिहून, म्हणजे यादृच्छिक संख्यांची सुरुवात ठरवणारी संख्या (बीज) घड्याळातून घेऊन, पुढे रँड() % एन, म्हणजे आलेल्या संख्येला अर्जदारांच्या संख्येने भागून उरणारी बाकी, घेतली की सोडत पूर्ण निष्पक्ष होते, असा त्याचा दावा आहे. बीज कोणालाही ओळखता येत नाही, प्रत्येकाला सारखी संधी मिळते आणि तरीही शंका असेल तर स्वतःचे सूत्र लिहावे, ही त्याची तीन कारणे आहेत. ही तिन्ही कारणे चुकीची आहेत, आणि प्रश्न लोकांच्या हक्काच्या जागेचा असल्यामुळे त्यांचा सविस्तर प्रतिवाद आवश्यक आहे.

पहिला मुद्दा बीजाचा. टाइम(नल) सेकंदांत मोजते, आणि सभा रविवारी सकाळी 11 ते 12 या वेळेत होणार हे सूचनाफलकावरच लिहिलेले असते. म्हणजे शक्य बीजे फक्त 3,600. एकच जागा आणि 50 अर्जदार असतील, तर त्या तासातले सरासरी 72 सेकंद प्रत्येक अर्जदाराच्या बाजूचे असतात. कळ दाबणाऱ्याने आदल्या रात्री प्रोग्रॅम 3,600 वेळा चालवून यादी काढली, तर कोणत्या सेकंदाला कोण जिंकेल हे त्याला आधीच ठाऊक असते, आणि सभेत पाहणाऱ्यांना त्यात काहीही वावगे दिसत नाही. वेळ ठाऊक नसली तरी संपूर्ण वर्षात सेकंद असतात 3 कोटी 15 लाखांच्या आसपास, आणि तेवढी बीजे तपासणे साध्या लॅपटॉपला जड नाही.

दुसरा मुद्दा सारख्या संधीचा. सी भाषेचे मानक रँड() ची कमाल मर्यादा किमान 32,767 असावी एवढीच हमी देते, आणि काही प्रचलित कंपायलरांत (प्रोग्रॅम यंत्रभाषेत बदलणाऱ्या साधनांत) ती नेमकी तेवढीच आहे. अशा ठिकाणी 10,000 अर्जांसाठी % 10000 घेतल्यास 0 ते 2,767 हे अंक चार मार्गांनी येतात आणि उरलेले तीनच मार्गांनी, म्हणजे पहिल्या 2,768 अर्जदारांची संधी इतरांपेक्षा एक तृतीयांशाने अधिक ठरते. अर्ज 40,000 असतील, तर 32,767 च्या पुढच्या क्रमांकांना संधीच उरत नाही. काही प्रणालींत मर्यादा 2,14,74,83,647 असल्याने तिथे हा फरक नगण्य होतो, हे मान्य. परंतु उपाय मर्यादेच्या भरवशावर सोडण्याचा नाही. वरील उदाहरणात 30,000 किंवा त्याहून मोठी संख्या आली की ती टाकून नवी घ्यावी. एवढ्याने पक्षपात नाहीसा होतो.

तिसरा सल्ला सर्वांत घातक आहे. घरगुती सूत्र बहुधा आधीच्या संख्येला गुणून, त्यात काही मिळवून बाकी घेण्याचे असते. 5 ने गुणा, 3 मिळवा, 16 ने भागून बाकी घ्या आणि 7 पासून सुरुवात करा: 6, 1, 8, 11, 10, 5, 12, 15, 14 असे अंक येतात, आणि सम-विषम आळीपाळीनेच येतात. भाजक 2 चा घात आणि बाकीचे दोन्ही स्थिरांक विषम असले की हे होणारच. अशा संख्येवर % 2 घेऊन केलेली नाणेफेक शून्य-एक-शून्य-एक अशीच चालते. तज्ज्ञांचेही असे चुकले आहे: आयबीएमच्या संगणकांवर 1960 च्या दशकात वापरात असलेल्या रँडू या सूत्राचे लागोपाठचे तीन-तीन अंक अवकाशात मांडले, तर ते केवळ 15 प्रतलांवर पडतात. शिवाय सूत्र ते लिहिणाऱ्यापासून गुप्त कसे राहील?

पायथॉनचे रँडम मॉड्यूल मात्र चालेल, असेही काही जण सुचवतात. त्यातील संख्या निर्माण करणाऱ्या मर्सेन ट्विस्टर या सूत्राचे आवर्तन (तोच क्रम पुन्हा सुरू होण्याआधी येणाऱ्या संख्या) 2 च्या 19,937 व्या घाताहून एकानेच कमी आहे, तरीही त्याच्या लागोपाठच्या 32 बिटांच्या 624 संख्या मिळाल्या की पुढच्या सर्व काढता येतात. पासवर्ड किंवा टोकनसाठी त्याच भाषेतील, अंदाज बांधता न येणाऱ्या संख्या देणारे सीक्रेट्स मॉड्यूल वापरावे.

सोडतीला मात्र आणखी एक गोष्ट लागते: निकाल नंतर कोणालाही पडताळता आला पाहिजे. त्यासाठी प्रोग्रॅम आणि अर्जदारांची क्रमवारी आठवडाभर आधी फलकावर लावावी, सभेत सदस्यांनी सर्वांसमोर 50 वेळा फासा टाकावा, ते आकडे इतिवृत्तात लिहावेत आणि तेच बीज म्हणून एसएचए-256 ला (दिलेल्या मजकुरापासून ठरावीक लांबीची, आधी न ओळखता येणारी संख्या काढणाऱ्या प्रसिद्ध सूत्राला) द्यावेत. पन्नास फाशांतून सुमारे 129 बिटांची अनिश्चितता, म्हणजे 2 च्या 129 व्या घाताइतक्या शक्यता, मिळते, आणि इतिवृत्त हाती असलेला कोणताही सदस्य घरी बसून तीच यादी पुन्हा काढू शकतो.