पाट आधीपासून होताच
१८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने "विधवांना पुनर्विवाहाची वाट मोकळी झाली" असं या कायद्यावरच्या एका लेखात म्हटलंय. कुणाच्या विधवांना? ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या जाती सोडल्या, तर महाराष्ट्रात पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावायची रीत कितीतरी जुनी. पेशवाईत सरकार त्यावर 'पाटदाम' नावाची पट्टी घ्यायचं, म्हणजे दरबारी हिशेबात ही लग्नं रीतसर होती! मान मात्र पहिल्या लग्नाचा नाही. पाट बहुधा रात्री, वाजंत्रीशिवाय, गुपचूप लागे.

आणि त्या कायद्याचं कलम २ वाचलंत का? दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. जिथे पाट आधीपासून चालत होता तिथे हे लागू करायचं की नाही, यावर उच्च न्यायालयांतच एकमत नव्हतं. अलाहाबाद म्हणे हक्क राहतो, मुंबई म्हणे जातो. म्हणजे आपल्याकडच्या कुणबी विधवेला कायद्याने नवं काही दिलं नाहीच, उलट जमीन गेली.

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केल्यावर त्यांच्या गावच्या मुरुडकरांनी बहिष्कार टाकला, ते खरंच. पण ती एका जातीची, ब्राह्मणांची, गोष्ट झाली हो.