विजया तेलाच्या त्या मेसेजबद्दल, घरात वयस्कर माणसं असलेल्यांसाठी

फोंडा-डिचोलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, साठीनंतर झोप येत नसेल तर विजया म्हणजे गांजाच्या तेलाचे दोन थेंब जिभेखाली घ्या, झोपेच्या गोळ्या कायमच्या बंद, आयुर्वेदिक आहे म्हणून साइड इफेक्ट शून्य, सवय लागत नाही आणि गोव्यात सगळं चालतं.

आधी "गोळ्या बंद"चं बोलू कारण सगळ्यात धोक्याचं तेच आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे आजी-आजोबा आपल्याकडे कितीतरी आहेत, म्हातारपणी त्या गोळ्या चांगल्या नाहीत हे खरंच, पण एकदम सोडल्या तर झोप आणखी उडते, हात थरथरतात, कुणाला फिटसुद्धा येते, त्या डॉक्टरला विचारून हळूहळूच कमी करायच्या असतात. आणि न सोडता वरून तेल घेतलं तर दोन्हींची गुंगी एकत्र चढते, बीपीही उभं राहताना खाली येऊ शकतं, मग रात्री बाथरूमला उठलेलं माणूस पडतं आणि खुबा मोडला की पुढचं सगळं घरच बदलतं हो.

आयुर्वेदिक म्हणून निर्धोक? औषध नियमांतल्या शेड्यूल ई-१ मध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, धोतरा आणि बचनागासोबत भांग, म्हणजे हीच विजया, त्यात आहे. म्हणजे वैद्याच्या देखरेखीशिवाय नाहीच. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर या तेलातल्या सीबीडी नावाच्या घटकाने तिचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

सवयीचं म्हणाल तर टीएचसीने, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाने, सुरुवातीला झोप लवकर लागते, ते खोटं नाही. पण रोज घेतलं की शरीर सरावतं, थेंब वाढत जातात आणि बंद केलं की झोप उडून भलतीसलती स्वप्नं पडतात. घोरताना श्वास अडकणाऱ्यांनी तर लांबच राहावं, अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या अकॅडमीने २०१८ मध्येच स्लीप अ‍ॅप्नियासाठी गांजा नको म्हणून सांगितलंय.

आणि गोव्यात चालत नाही. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा इथेही आहे, थोडा गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

झोप का उडाली ते कुणी बघतच नाही. बीपीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते का, प्रोस्टेटचा त्रास आहे का, दुपारी जेवून दोन-दोन तास झोपणं होतं का. औषधाविना, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी सीबीटी-आय नावाची उपचारपद्धतही आहे, अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेने २०१६ मध्ये जुन्या निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून तीच सांगितली. डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा आणि तेल घेत असाल तर ती बाटलीही दाखवा, लपवू नका.