गंगापूर धरणात मंदिर ‘प्रकटले’? खुलासा

‘गंगापूर धरण आटले आणि प्राचीन मंदिर प्रकटले’ असा फोटो नाशिकच्या ग्रुपांवर फिरतो आहे. फोटो आपल्याकडचा नाही. ते इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे पळसनाथ मंदिर आहे. उजनीच्या पाण्यात बुडालेले हे देऊळ पाणीसाठा खूप घटला की दिसते. म्हणजे शोध वगैरे काही नाही. गावकऱ्यांना ते ठाऊकच आहे.

‘दुष्काळानेच वारसा वाचवला’ हे सोबतचे वाक्य तर उलटेच आहे. दगड भिजतो, मग उन्हात वाळतो. वाळताना आत मुरलेले क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि कोरीवकामाचे पापुद्रे सुटतात. दुष्काळ वारंवार पडला, तर हे चक्रही वाढते. शिवाय उघड्या पडलेल्या मूर्तींवर चोरांचा डोळा असतो, तो वेगळाच.