‘मॅडम, भावनेच्या भरात लिहू नका’

‘बुद्धिबळप्रेमी’ यांस,

बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “मॅडम, भावनेच्या भरात लिहू नका. त्यांचं पहिलं आशियाई विजेतेपद 1981 चं, 1983 चं नव्हे. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या म्हणता, पण त्या काळी खेळणाऱ्या मुली होत्याच किती? आणि तुम्ही नाशिकच्या असून आपल्या नाशिकच्याच ग्रँडमास्टर विदित गुजराथीवर एक ओळ नाही.” खाली खेळाडूंच्या रेटिंगचा तक्ता.

सन चुकला, मान्य. 1981 ला हैदराबादला पहिलं, 1983 चं दुसरं. दुरुस्त केलंय, आभार. पण ते सांगायला ‘भावनेचा भर’ कशाला लागला? पुरुषाच्या लेखात सन चुकला की टायपो आणि बाईचा चुकला की भावना? चाळीस वर्षं पटाशी बसणाऱ्या बाईला हे कोण सांगतंय, तर स्वतःचं नाव लिहायचीही हिंमत नसलेला माणूस. असो.

“मुली होत्याच किती?” हे मात्र मला झोंबलं.

महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली 1974 ला, पहिली विजेती वासंती खाडिलकर. पुढची काही वर्षं विजेतेपद वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींच्या घराबाहेर गेलंच नाही. यावर तुम्ही म्हणाल, बघा, मी काय म्हणत होतो! थांबा जरा. 1976 साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांना, मॅक्स यूव्हेंना, सांगावं लागलं की बायकांना अडवता येणार नाही. सोपी स्पर्धा हवी असलेली मुलगी एवढ्या भानगडीत कशाला पडेल?

आणि मुली का नव्हत्या ते मला विचारा. मी दहावीत होते. रविवार कारंजाजवळच्या एका हॉलमध्ये खुली स्पर्धा, मुलगी मी एकटीच. आमच्या पटावरचा एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी दौतीचं झाकण. तिसऱ्या फेरीनंतर संयोजक हळूच म्हणाले, “बाळ, मुलींचं उत्तेजनार्थ तुलाच आहे, अंधार पडायच्या आत घरी जा.” गेले नाही. समोरच्या मुलाला पार घाम फोडला, एक प्यादं वर होते, आणि ऐन वेळी ते झाकण उंट समजून तिरकं सरकवलं. हत्ती तिरका चालत नाही, पण हात लागलेलं मोहरं खेळावंच लागतं. हत्ती गेला, डावही गेला. पुढच्या वर्षी बाबांनी फॉर्मच भरू दिला नाही. धरा हिशेबात, एक मुलगी कमी!

विदितचं म्हणाल, तर 2023 ला त्यानं ग्रँड स्विस ही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे मीच वाटले. लेख त्याच्यावर नव्हता, इतकंच. तुमचा तक्ता वाचलेला नाही.

रविवारी सकाळी मी घरीच असते. या, एक डाव होऊ दे. आता सगळी मोहरी आहेत.