एकवीस दिवसांचे ध्यान आणि आत्याची बंद झालेली गोळी

गेल्या महिन्यात बडोद्यातल्या दांडिया बाजारात आत्याकडे गेलो असता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाच्या फुल्या दिसल्या. तेरा फुल्या आणि मग आडवी रेघ, पुढे नऊ फुल्या आणि पुन्हा रेघ, मग पाच, आणि त्या दिवशी चौथ्यांदा पहिली फुली. विचारल्यावर तिने भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरचा संदेश दाखवला. तोवर तो माझ्याकडेही तीन ठिकाणांहून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचताच पुसून टाकला होता. संदेश असा: पहाटे चारला, ब्रह्ममुहूर्तावर, सलग एकवीस दिवस ध्यान करावे, एक दिवस चुकल्यास आधीचे सारे वाया जाते आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते, विचार येत असतील तर ते ध्यानच नव्हे, एकवीस दिवस पुरे झाले की रक्तदाबाची गोळी सुटते. शेवटी बडोदेकरांना हमखास भुरळ पाडणारा दाखला जोडलेला होता, की श्री अरविंदांचे मन आपल्याच गावात तीन दिवसांत निर्विचार झाले, मग तुम्हाला एकवीस दिवस पुष्कळ झाले.

गोळीचे आधी बोलतो, कारण तिथे थट्टेला जागा नाही. ‘सुटणारच आहे तर आत्ताच सोडू’ असा विचार करून आत्याने ती पहिल्या फेरीतच बंद केली होती. डॉक्टरांकडे नेले तेव्हा वरचा आकडा १७० होता आणि ती म्हणत होती, “अरे, मला काहीच होत नाहीये.” वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही, म्हणून तर तो मोजावा लागतो. ध्यानाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, एवढे मी मान्य करतो. परंतु अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून जे म्हटले ते इतकेच, की नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ध्यानाचा विचार करता येईल. जोड म्हणजे बदली नव्हे, हे संदेश लिहिणाऱ्याला कळत नसेल असे मला वाटत नाही.

पण आत्याला खरे छळले ते शून्यावर परतण्याच्या नियमाने. तेराव्या दिवसानंतर नातवाला ताप आला म्हणून तिची रात्र जागून गेली आणि पहाटे डोळा लागला. एवढ्यावरून आपली तेरा दिवसांची साधना बुडाली असे मानून ती दिवसभर अस्वस्थ होती. ज्या गोष्टीने मन शांत व्हायचे, तीच तिच्या मागे हिशेबनिसासारखी लागली. एकवीस हा आकडा कुठून आला तेही पाहावे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिले होते, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान सुमारे एकवीस दिवस लागतात. त्यातले ‘किमान’ वाटेत गळले, चेहराही गळला आणि एकवीस तेवढे उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मात्र प्रत्यक्ष ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगून त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. कोणी जेवणाबरोबर फळ खायचे ठरवले, कोणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावायचे. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाचा आकडा गणिती अंदाजाने २५४ पर्यंत गेला. आणि आत्याच्या कामाची गोष्ट ही, की एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

शास्त्राचाच आधार हवा असेल, तर पतंजलींनी दीर्घकाळ आणि निरंतर अभ्यास सांगितला आहे, हे खरे. पण त्याच पतंजलींनी व्याधी, आळस, संशय असे नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळेही मोजून ठेवले आहेत आणि त्यांपैकी एखादा आडवा आला की मागचे सारे पुसले जाते असे कुठेही म्हटलेले नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, कर्मयोगाच्या संदर्भात का होईना, ‘नेहाभिक्रमनाशोऽस्ति’ असे स्पष्ट शब्द आहेत. आरंभ वाया जात नाही.

चार वाजण्याचे तर हसूच येते. ब्रह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांवर सुरू होतो आणि ४८ मिनिटे टिकतो. बडोद्यात जानेवारीत सूर्य सव्वासातनंतर उगवतो, म्हणजे मुहूर्त लागतो पावणेसहाच्या सुमारास. जूनमध्येही सव्वाचार वाजून जातात. तेव्हा या गावात पहाटे चारला ब्रह्ममुहूर्त वर्षातल्या कोणत्याच दिवशी नसतो. आणि नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरब्याचे ढोल ऐकून चारला उठणारा माणूस ध्यान करतो की बसल्या बसल्या झोपतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

राहिले श्री अरविंद. जानेवारी १९०८ मध्ये सरदार मजुमदारांच्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत, विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यासमवेत ते तीन दिवस बसले आणि त्यांचे मन निःशब्द झाले, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे; तेवढा भाग नाइलाजाने मान्य. परंतु त्याआधी सुमारे चार वर्षे ते प्राणायाम करत होते, काही काळ तर दिवसाकाठी पाच-सहा तास, आणि मधल्या राजकीय धावपळीत त्यात खंडही पडला होता, हे संदेशातून सोयीस्करपणे गाळले आहे. त्यांचे तीन दिवस घेऊन आत्याच्या विचारांना नापास करण्यात काय अर्थ? लक्ष श्वासावरून भाजीवर गेले, ते गेल्याचे ध्यानात आले आणि ते परत आणले, हाच सुरुवातीचा अभ्यास असतो. भाजी आठवणे हा त्यातला दोष नव्हे.

आता आत्या सकाळी चहानंतर गोळी घेते आणि तिथेच हिंचक्यावर, तो न हलवता, दहा मिनिटे डोळे मिटून बसते. चहा रोज होतोच, त्यामुळे बसायची आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. या आठवड्यात दोन दिवस राहिले, असे तिने फोनवर सांगितले आणि लगेच कैरीच्या लोणच्याकडे वळली.