सिव्हिल जज्ज व्हायचंय? मग जबानीचं कन्नड आत्तापासून धरा

सिव्हिल जज्जची जाहिरात निघाली की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आपल्या एलएलबीवाल्या पोरांत एकच सूर लागतो: "कन्नडमुळे आपल्याला कोण घेणार?" मला हे अर्धंच खरं वाटतं. पाट्यांवरची, सरकारी फॉर्मवरची भाषासक्ती हा वेगळा लढा आहे आणि तो लढायलाच हवा. पण या परीक्षेत पोरं एका ठरावीक पेपरात अडकतात, आणि त्या पेपरची तयारी करता येते.

कर्नाटकात ही भरती लोकसेवा आयोगाकडे नाही, हायकोर्टाची समितीच करते. महाराष्ट्रात एमपीएससी करते. दोन्हीकडचा अभ्यास एकच समजणं हा पहिला घोळ. इथली पूर्व परीक्षा १०० गुणांची, पण ती नुसती चाळणी. मुख्य परीक्षेत १०० गुणांचे चार पेपर: तीन कायद्याचे आणि एक भाषांतराचा, मग तोंडी. भाषांतरात जबानी, दस्त, निकालपत्रातले उतारे इंग्रजीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत करायचे. म्हणजे लेखी परीक्षेचा चौथा हिस्सा!

बाजारातलं, एसटी स्टँडवरचं कन्नड इथे कामाला येत नाही. वादी, प्रतिवादी, फिर्यादी, जामीन, अर्जी हे शब्द दोन्हीकडे सारखे, त्यामुळे पोरं गाफील राहतात. पण 'अनुमान' आपल्याकडे तर्काने काढलेला निष्कर्ष आणि कन्नडात संशय. पुराव्याच्या उताऱ्यात हा एक शब्द चुकला की सगळं वाक्य उलटं. 'अभ्यास'चंही तेच, कन्नडात ती सवय किंवा सराव.

वाक्यरचना मात्र आपल्या बाजूची आहे. इंग्रजीतलं लांबलचक वाक्य 'जो… तो…' करून कन्नडात नेलं की लंगडतं. तेच आधी मनात '-लेला' लावून फिरवा (आरोपीने लपवलेला कोयता, वादीने हजर केलेला दस्त), म्हणजे कन्नड सरळ उतरतं. रोज एक पान जबानी हाताने लिहून भाषांतर करा. टाइप करून नको, कारण कन्नडातली जोडाक्षरं लिहितानाच वेग मार खातो.

आता तीन वर्षांची अट. २० मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने न्यायसेवेतल्या पहिल्या पायरीच्या, म्हणजे सिव्हिल जज्जच्या जागेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. बरेच जण चिडले, पण सीमाभागातल्या पोरांसाठी मला ही संधी वाटते. तालुका कोर्टात तीन वर्षं कन्नड जबान्या ऐकल्यासारखा क्लास दुसरा नाही. मुदत तात्पुरत्या सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) तारखेपासून मोजतात, बार परीक्षा पास झाल्यापासून नाही. दाखला त्या कोर्टाच्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचा लागतो. नाहीतर तिथल्याच किमान १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, पण त्यावर जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याची सही हवी. लॉ क्लर्क, म्हणजे जज्जांचा कायदा सहायक, म्हणून केलेलं कामही धरलं जातं. अडचण येते ती नुसती सीनियरची बॅग धरणाऱ्यांची. वकालतनाम्यावर नाव नाही, रोजनाम्यात हजेरी नाही, मग दाखला कशाच्या आधारावर मागणार? पहिल्या महिन्यापासून वकालतनाम्यावर आपलंही नाव घालायला सांगा आणि केस नंबरांची वही ठेवा.

एक जमेची बाजू कुणी बोलत नाही. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे वाटणीच्या दाव्यात जुनी खरेदीखतं मराठीत निघतात, काही तर मोडीत. दोन्ही भाषा वाचणाऱ्या ज्युनियरला इथे काम कमी पडत नाही.

सरकारी वकिलीचं गणित निराळं. मॅजिस्ट्रेट कोर्टातले सहायक सरकारी अभियोक्ते (फौजदारी खटले चालवणारे सरकारी वकील) परीक्षेतून येतात, ती पक्की नोकरी. सेशन्स कोर्टात या नोकरीबाहेरच्या वकिलाला नेमायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८ लागतं: सात वर्षांची वकिली, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या डीसींनी, सेशन्स जज्जांशी सल्लामसलत करून केलेल्या पॅनेलात नाव. विशेष अभियोक्त्याला दहा वर्षं. पॅनेल कागदावर चोख आहे. पण त्यातून नाव उचलतं सरकार, आणि सरकार बदललं की वकील बदलतात. नवा माणूस फाईल वाचायला तारीख मागतो, आणि खटल्यातला फिर्यादी पुन्हा हात हलवत गावाकडे. अशा नेमणुका पारदर्शक पद्धतीने करा, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात सांगितलंय. म्हणून माझं मत सरळ आहे: ओळखीच्या भरवशावर पॅनेलची वाट बघण्यापेक्षा सहायक अभियोक्त्याची परीक्षा द्या. तिथेही कोर्टातलं कन्नड लागतंच, म्हणजे तयारी एकच आणि दारं दोन.

जबानीचे सरावाचे उतारे कुणाकडे असतील तर कमेंटमध्ये टाका. पक्षकारांची नावं मात्र खोडून.