चार्जर पोर्चमध्ये चमकला पाहिजे

ज्यांची इलेक्ट्रिक गाडी पुण्यातल्या सोसायटीच्या तळघरात उभी राहते, त्यांची कीव करा. चार्जिंगचा एक पॉइंट घ्यायचा तर कमिटी, ठराव, ना-हरकत पत्र आणि वरून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना वाटणारी आगीची भीती. तुम्हाला असलं काही नाही. तुमचा मळा आहे. आष्ट्याच्या अलीकडं असेल, तासगावच्या पुढं असेल, नाहीतर साताऱ्याच्या बाजूला कोरेगाव-रहिमतपूरकडं. दोन एकरांच्या मधोमध बंगला, पोर्चमध्ये तीन गाड्या आरामात बसतील एवढी जागा, आणि अडवायला कोणी नाही. कोणी अडवत नाही म्हटल्यावर कुणाला विचारायचाही प्रश्न येत नाही. मी सांगतो तेवढं करा.

आधी एक तत्त्व पक्कं करून घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल त्यावर खर्च करायचा. जे जमिनीत गाडलं जातं, भिंतीत जातं किंवा डबीत बंद होतं, त्यात पैसे घालणाऱ्याला व्यवहार कळत नाही असं समजावं. बंगला बांधताना तुम्ही हेच केलंत ना? गेटवर दोन सिंह बसवले, खांबांना ग्रॅनाइट लावला, आणि वायरिंग मिस्त्री म्हणाला तसं. मग चार्जरलाच वेगळा न्याय कशाला?

आता जागा ठरवू. तुमचं मीटर रस्त्याकडेला, जुन्या वस्तीच्या भिंतीवर, गोठ्याला लागून आहे. पोर्च तिथून तीनशे फूट आत. एखादा शहाणा म्हणेल, मीटरजवळच पत्र्याची शेड मारा, गाडी तिथं लावा, केबल वीस फुटांत आटोपेल. त्याला चहा देऊन वाटेला लावा. वीस लाखांची गाडी म्हशीशेजारी लावायची? पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांना काय तिथं नेऊन दाखवणार? चार्जर पोर्चमध्येच, तोही दर्शनी खांबावर. गाडीबरोबर मिळणाऱ्या फुकटच्या बसवणुकीत ठरावीक लांबीचीच केबल येते, पुढची तुमच्या खिशातून. आणि खिशातून म्हटलं की आपला वायरमन.

हा माणूस गावाचं भूषण आहे. डीपीवरचा डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज, उडाला तर बांबूनं बसवतो, फ्यूजची तार हाताच्या बोटावर मोजतो. तो तुमच्या पोर्चमध्ये उभा राहून सांगेल, "दादा, चार एमएम लय झाली. एवढ्या वायरीवर माझ्या मेव्हण्याचं अख्खं दुकान चालतंय." त्याचं ऐका. एमएम म्हणजे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर, आकडा मोठा तेवढी तार जाड. सोळा एमएमच्या तांब्याच्या केबलचा भाव ऐकून तुमच्या छातीत कळ येईल, आणि ती जाणार जमिनीखाली, म्हणजे आपलं तत्त्व मोडणार.

आकडेमोड करायची नाही, पण कोणी केलीच तर ती अशी. तीनशे फूट जाऊन तीनशे फूट परत, म्हणजे साधारण १८३ मीटर तार. चार एमएमच्या तांब्यात या अंतराचा रोध पाऊण ओहमच्या वर जातो. सात किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. म्हणजे वाटेतच २७ व्होल्ट गळाले आणि साडेआठशे वॅटची उष्णता तयार झाली. सोळा एमएम टाकली असती तर गळती सात व्होल्टांच्या आसपास राहिली असती. पण बागेतल्या लॉनखाली बारा महिने चालणारा हीटर पुरायची संधी पुन्हा मिळणार का? तीस युनिटची बॅटरी रिकामी असताना पूर्ण भरली की त्यातली साडेतीन युनिट वीज तुमच्या लॉनच्या मुळांना मिळते. थंडीत गवत हिरवं राहील.

बरं, हे २७ व्होल्ट कशातून वजा करायचे हेही बघून ठेवा. तुम्ही मनात २३० धरून बसलाय. संध्याकाळी सातला, गिरण चालू, घरोघरचे टीव्ही चालू, अशा वेळी लाइनच्या शेवटच्या टोकाला १८० मिळाले तरी लोक म्हणतात "आज लाइट झकास हाय". शेजारच्या रानांतल्या पंपांना सगळ्यांनी ऑटो लावलेला. थ्री फेज आली रे आली की पंधरा मोटारी एकदम उचलतात. बंगल्यातले दिवे पिवळे पडतात, फ्रिज कण्हतो, आणि तुमचा चार्जर पडद्यावर "अंडर व्होल्टेज" लिहून हात वर करतो. त्याला शहरात घडवलंय, त्याचा दोष नाही. त्यावर स्टॅबिलायझर बसवा. स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवायला लाइनमधून आणखी करंट ओढेल, त्यानं वायर आणखी तापेल, व्होल्टेज आणखी पडेल. दोघांची जुंपली की तुम्ही बाजूला खुर्ची टाकून बसा.

केबल पुरताना अडीच फूट खोल चर खणा, तळाला वाळू घाला, केबलवर पुन्हा वाळू, वर विटांचा थर, पोलादी कवचाची आर्मर्ड केबलच वापरा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं तुमचा गडी पाहिलेला नाही. फूटभर खणलं की त्याची पाठ धरते. फूटभरच पुरा, तीही साधी वायर, ठिबकच्या जुन्या पाइपात सरकवून. म्हणजे पहिल्याच हंगामात घुशींची सोय होईल, आणि घुशी चुकल्याच तर पाइपलाइनसाठी आलेला जेसीबी आहेच. केबल कुठून गेली याचा नकाशा काढू नका. गेलेली माणसं जशी कुठंतरी बघत असतात, तशी केबल कुठंतरी असते, एवढा विश्वास पुरे.

आता अर्थिंग. इथं जरा थांबतो, कारण या एका कामात आपल्या लोकांनी जी प्रतिभा दाखवली आहे तिला तोड नाही. रीत अशी की वेगळा खड्डा घ्यायचा, जीआय पाइप किंवा केमिकल रॉड उभा करायचा, कोळसा-मीठ भरायचं, मीटर लावून रोध मोजायचा आणि उन्हाळ्यात पाणी घालत राहायचं. वाळव्याच्या काळ्या रानात एप्रिल-मेला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. माण-खटावच्या मुरमात तर ओल शोधायला पाणाड्या आणावा लागेल. सुकलेलं अर्थिंग असून नसल्यासारखं. चार्जरला हे कळतं. तो लाल दिवा लावतो आणि वीज सोडायला साफ नकार देतो.

तुमचा वायरमन नकार ऐकायला जन्मलेला नाही. तो पेचकस काढतो, सॉकेट उघडतो, आणि न्यूट्रलवरून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवरून, एक बोटभर तुकडा अर्थच्या पिनला जोडतो. हिरवा दिवा! टाळ्या! दोनशे रुपये! आता पुढचं नीट ऐका. वळवाच्या पावसात नारळाची झावळी सर्व्हिस वायरवर पडते आणि नेमका न्यूट्रल तुटतो. मग घरात चालू असलेल्या पंख्या-दिव्यांतून फेज मागं फिरतो आणि त्या बोटभर तुकड्यावरून थेट गाडीच्या पत्र्यावर येऊन बसतो. गाडी रबराच्या टायरवर उभी, तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी. दाराला हात लावा. पुढचं काम तुम्हाला करावं लागणार नाही.

अशा वेळी वाचवायला तीस मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा आरसीसीबी नावाचा एक डबा मिळतो. पण तो पहिल्याच पावसात दोनदा पडला म्हणून वायरमननं काढून टाकला असेल. "उगं ट्रिप होतंय, दादा." का पडत होता हे विचारायचं नसतं. कुत्रं भुंकलं म्हणून कुत्र्यालाच हाकलायचं, चोराकडं बघायचं नाही.

मंजूर भाराचं काय, असं महावितरणचा कोणी विचारेल. बंगल्याचा मंजूर भार दोन किलोवॅट, त्यात दोन एसी, गीझर, मिक्सर आणि आता सातचा चार्जर. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या आहे त्या जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करता येते, एवढंच वाक्य पाठ करा. जोडणीला तो भार पेलला पाहिजे, हे कुणी सुचवलं तर विषय उसाच्या दरावर न्या. वाढीव भाराचा अर्ज कशाला? डीपी आपोआप कळवेल.

यावर एक हुशार तोडगा निघतो आणि तो तुम्हाला गावात किमान पाच जण सुचवतील: विहिरीवरची वीज. एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल नाही. मग स्टार्टरच्या पेटीतून एक वायर ओढली की कोल्हापूर-पुणे फुकट! थ्री फेज दिवसा आठ तास किंवा मग रात्रीच्या पाळीला, तेव्हा पिकाला पाणी पाजायला, दारं धरायला निघालात की एका हातात खोरं आणि दुसऱ्या हातात चार्जिंगची केबल घ्यायची. पाटाच्या चिखलात कनेक्टर पडला तर धुऊन घ्या. भरारी पथकाची भीती बाळगू नका. ज्या कामाला जोडणी घेतली ते सोडून दुसरीकडं वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते, आणि वापर कधी सुरू झाला ते सापडलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. म्हणजे गाडी घेऊन दोन महिने झाले असले तरी वर्षभर चालवल्याचा मान मिळतो. पंचायतीच्या चौकात याची चर्चा होईल, तीही फुकट.

चार्जर घेताना मात्र हात आखडता घेऊ नका, कारण तो दिसतो. बावीस किलोवॅटचाच घ्या. एसी चार्जर, म्हणजे घरच्या आल्टरनेटिंग करंटवरचा, हा खरं तर शहाणा स्विचच असतो. बॅटरीत किती जाणार ते गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ठरवतो. तुमच्या गाडीतला ७.२ चा असेल तर भिंतीवर बावीसचा लावा नाहीतर दोनशेचा, गाडी ७.२ च घेणार. पण हे पाव्हण्यांना कुठं माहितीय? आणि आष्ट्याहून सांगलीला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटरचंच तुमचं रोजचं फिरणं असेल, तर सहा-सात युनिटचा मामला. चांगल्या १६ अँपिअरच्या औद्योगिक सॉकेटवर दोन तासांत भागतं. हे घरात बोलू नका. बायको विचारेल मग पाऊण लाख कशाला घातले.

सोलर लावाच. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, छतावर निळे पत्रे रस्त्यावरून झकास दिसतात. फक्त दिवसा ऊन असताना गाडी सांगलीच्या मार्केट यार्डात असते आणि रात्री गाडी घरी असताना ऊन नसतं, एवढी एक गोष्ट जुळवून घ्यावी लागेल. आणि लाइट गेली की ऑनग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं, सोलरही बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. भर दुपारी, डोक्यावर ऊन, छतावर तीन किलोवॅट, घरात अंधार. ज्या भागातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर १९६० मेगावॅटचा वीजप्रकल्प चालतो आणि जिथं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, तिथल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. अशा वेळी जत्रेला आणतो तो डिझेल जनरेटर भाड्यानं आणा आणि त्यावर गाडी चार्ज करा. धूर गाडीतून निघत नाही ना, मग झालं.

कृष्णाकाठी असाल तर चार्जर गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवा, वाकायला सोपं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, पण ते काय रोज येतंय?

उद्घाटन थाटात करा. सत्यनारायण, चार्जरला हार, नारळ मात्र जपून फोडा, पाणी आत गेलं तर वॉरंटीवाले कारण विचारतात. विट्या-खानापूरकडच्या, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या गलाईवाल्या भाऊबंदांना आवर्जून बोलवा. त्यांचे बंगले वर्षातून दोनदा उघडतात, दिवाळीला आणि जत्रेला. तुमचं बघून ते परत जायच्या आत ऑर्डर देतील, आणि वर्षभर बंद घरात चार्जर लावून ठेवणारं आपल्याच भागात कोणीतरी हवंच.

पुढं महिन्याभरात चार्जर बंद पडेल आणि तुम्ही पेठ नाक्यावर हायवेच्या चार्जरला गाडी लावून वडा-पाव खात बसाल. ओळखीचं कोणी भेटलं तर सांगायचं, फास्ट चार्जिंगनं बॅटरीला जरा व्यायाम होतो. आणि शेजारच्या तात्यांनी गाडी बुक केल्याचं कळलं की पहिले त्यांच्या घरी तुम्ही पोचा. पेढा घ्या, पोर्च बघा, मीटर कुठं आहे ते नजरेनं मोजा, आणि आपल्याच वायरमनचा नंबर द्या. तात्या विचारतीलच, "केबल किती एमएमची टाकलीस रं?" तोंडावरची रेघ न हलवता सांगा, "चार. लय झाली, तात्या. आपली तर एक नंबर चालतीय."